वही उघडायचा दिवस

३ नोव्हें.

दिवाळी आटोपली. सावली गावाच्या बसने कॉलेजात जाऊन आले. मुलं अजून फराळातच, वर्गात सात जण. तिथून परस्पर बडोद्यात, अलकापुरीत टिपणीस सरांकडे. लिफ्ट बंद. तीन मजले चढताना आपण सत्तावन्नाच्या आहोत हे गुडघ्यांनी सांगितलं. दार कामाच्या जशुबेननी उघडलं. सरांची मुलगी केतकी नंदेसरीला कंपनीच्या लॅबमधे, सकाळी सातला जाते, तेव्हापासून सर जशुबेनच्या ताब्यात. "बेन, साहेब आजे बराबर जम्या नथी." साहेब नीट जेवले नाहीत ही तक्रार माझ्याकडे, जशी काही मी त्यांची आईच.

सर खुर्चीत. पाय सुजलेले, चार वाक्यांनंतर श्वास लागतो. हृदय थकलंय, डॉक्टर आता फार काही बोलत नाहीत. डोकं मात्र शाबूत. प्रश्न नेहमीचाच.

"काय शैला, पाहुणा आला का?"

"नाही, सर."

"येईल. आपण दार लावलेलं नाही."

जशुबेनना वाटतं खरंच कोणी यायचंय. दर वेळी एक कप जास्त चहा टाकतात.

संध्याकाळी केतकीचा फोन. डिसेंबरात सरांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलंय. जुने विद्यार्थी एक पुस्तिका काढणार आहेत. पाहुण्यावर चार पानं मी लिहायची. "तुमच्याशिवाय कोण लिहिणार, शैलाताई?" खरंच आहे. दुसरं कोणी त्या विषयात उरलेलंच नाही.

६ नोव्हें.

लिहायला बसले. सोपं लिहा म्हणालीय के., नातेवाईकही वाचणार.

तर सोपं: स्टँडर्ड मॉडेल म्हणजे जगातल्या मूळ कणांची यादी आणि ते एकमेकांशी कसे वागतात त्याचे नियम. यादीतले सगळे कण सापडले. पण आकाशात जे अदृश्य वजन आहे त्याचा मालक या यादीत नाही. म्हणून जगभरचे लोक यादी वाढवतात. आम्हीही वाढवली. एकतीस वर्षांपूर्वी, इथे बडोद्यात, दोन वह्या आणि एका खडूच्या डब्यावर. एक जड कण, स्वतःच स्वतःचा प्रतिकण. सरांनी नाव ठेवलं पाहुणा.

त्याला राहायला जागा अगदी थोडी. फार जड असेल तर विश्वात त्याचा साठा नको इतका उरतो. फार हलका असेल तर त्याच्यामुळे म्यूऑन फुटून तीन इलेक्ट्रॉन होताना दिसायला हवेत, आणि ते कधीच कोणाला दिसले नाहीत. म्हणजे वरून एक भिंत, खालून एक भिंत, मधे बोटभर फट. त्या फटीत आमचा पाहुणा.

गेल्या पंधरा वर्षांत इतरांची मॉडेलं एकेक करून गेली. मोठ्या बोगद्यात कणांच्या धडका झाल्या, काही निघालं नाही, लोक दुसऱ्या विषयांत गेले. आमची फट अरुंद झाली, बंद झाली नाही. सरांना त्याचा केवढा अभिमान. "बडोद्याचं मॉडेल चिवट आहे, शैला."

९ नोव्हें.

नुसतं जुन्या पेपरातून उतरवून काढणं माझ्याच्याने होईना. खालच्या भिंतीचं गणित पुन्हा पहिल्यापासून करते आहे. हात गंजलेत. बी.एस्सी.ला तेच ते शिकवून डोक्याचं भजं झालंय.

११ नोव्हें.

उत्तर पेपरातल्याच्या दुप्पट येतंय. चुकलं कुठेतरी.

१२ नोव्हें.

पुन्हा केलं. दुप्पट.

१४ नोव्हें.

तिसऱ्यांदा. दुसऱ्या रीतीने. दुप्पटच. कण स्वतःचा प्रतिकण असला की आकृतीतल्या रेघा दोन रीतींनी जोडता येतात. आम्ही पेपरात एकच धरली. उत्तर दुप्पट म्हणजे म्यूऑन चौपट वेळा फुटणार. म्हणजे खालची भिंत वर सरकते. वरच्या भिंतीच्याही वर जाते.

फट नाही. आज नाही असं नव्हे, कधीच नव्हती. पेपर छापला त्या दिवशीसुद्धा नव्हती.

जेवले नाही.

१५ नोव्हें.

लिहून टाकावं. एकतीस वर्षं कुठेच लिहिलेलं नाही.

सरांचा नियम होता. कुठलंही महत्त्वाचं गणित दोघांनी वेगवेगळं करायचं, वेगळ्या वहीत. तोवर त्यावर अवाक्षर काढायचं नाही. मग दिवस ठरवून टेबलावर दोन्ही वह्या एकदम उघडायच्या. जुळलं तर खरं. ज्याचं चुकलं त्याने सेव-उसळ खिलवायची, तिखट तर्री घालून. डिपार्टमेंटमधे सगळे हसायचे, टिपणीसांचा वही उघडायचा दिवस म्हणून.

त्या मार्चमधे माझे वडील, अण्णा, दवाखान्यात होते. माझे तीन आठवडे त्यांच्या उशाशी गेले. कसंबसं गणित केलं. वह्या उघडायच्या आदल्या दिवशी सरांच्या खोलीची किल्ली द्यायला गेले, सर नव्हते, वही टेबलावर. पाहिली. एक पान, शेवटची ओळ, बास. माझ्या निम्मं होतं.

सरांचं चुकणं शक्यच नव्हतं. माझंच चुकलं असणार, झोप नाही, डोकं ठिकाणावर नाही. घरी येऊन दोनने भागलं आणि भागण्याचं कारण शोधलं. कारण सापडतं, शोधलं की.

दुसऱ्या दिवशी जुळलं. सर इतके खूश झाले की कोणाचंच चुकलेलं नसताना त्यांनीच सेव-उसळ मागवली. मी खाल्ली, चवीने. त्या पेपरावर मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली. अण्णांनी जाण्याआधी माझं नाव छापलेलं पाहिलं.

म्हणजे सर चुकले होते. आणि मी बरोबर होते. आणि बरोबर असलेलं मी खोडलं.

२० नोव्हें.

पाच दिवस अलकापुरीला गेले नाही. सर्दी सांगितली. जशुबेनचा फोन: "साहेब पूछे छे, शैलाबेन केम नथी आवता." म्हटलं, येते.

२३ नोव्हें.

रविवार. के. घरी आली, एक कापडी पिशवी घेऊन. बाबांच्या जुन्या वह्या. पुस्तिकेत त्यांच्या हस्ताक्षराचं एक पान छापायचंय, तुम्हीच निवडा, मला काही कळत नाही. चहा घेतला, जशुबेनच्या नावाने दहा मिनिटं बोलली, गेली. पिशवी दारातच ठेवली मी.

२४ नोव्हें.

ती वही पिशवीत आहे. निळ्या पुठ्ठ्याची. मला पान शोधावं लागलं नाही.

त्या ओळीच्या वर गणित नाही. काहीच नाही. सबंध पान जवळजवळ कोरं आणि खाली ते उत्तर, शेजारी बारीक अक्षरात: "अदमासे. दोनचा प्रश्न आहे. शै. चं आल्यावर बघू."

त्या दिवशी मी घाईत फक्त ओळ पाहिली. शेजारचं वाचलं नाही.

पुढच्या पानावर दुसऱ्या दिवशीची तारीख: "शै. चं जुळलं. शंका मिटली."

मग पुढचा विषय.

२५ नोव्हें.

म्हणजे ते गणित कोणीच केलेलं नव्हतं. त्यांनी माझ्या भरवशावर सोडलं, मी त्यांच्या भरवशावर. त्यांच्या मनात बरोबर तीच शंका होती. माझी वही खरी असती तर ती तिथेच, त्याच टेबलावर सुटली असती. त्यांना एका दिवसाचा चटका बसला असता. मग दुसरं मॉडेल केलं असतं, तिसरं. पन्नाशीचे होते तेव्हा, भरात होते. त्यांची तीस वर्षं मी एका भागाकारात घालवली.

कॉलेजात वर्ग घेतला. काय शिकवलं आठवत नाही.

३० नोव्हें.

पुस्तिकेची चार पानं दिली. भिंत, फट, पाहुणा, सगळं गोड गोड. गणिताबद्दल एवढंच: "दोघांनी स्वतंत्रपणे केलेली गणिते जुळली." निर्लज्ज आहे मी.

हस्ताक्षरासाठी दुसऱ्या वहीतलं पान निवडलं.

६ डिसें.

सहस्रचंद्रदर्शन. सोसायटीच्या हॉलमधे. ऐंशी दिव्यांनी ओवाळलं, दिवे लावायला मीच होते, तीन सारखे विझत होते. सर नव्या धोतरात, नाकाशी ऑक्सिजनची नळी. व्याही मंडळी, शेजारचे पटेल, जुने विद्यार्थी. बासुंदी पातळ झाली यावर के. चं आणि केटररचं वाजलं.

सर बोलायला उठले. बसा म्हटलं तरी उठले. पाहुण्याबद्दल बोलले. "तो येवो न येवो. पण मी आणि शैलानं दोन वह्या उघडल्या आणि उत्तर एकच निघालं, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात स्वच्छ दिवस." असंच म्हणाले. स्वच्छ. लोकांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. मी नमस्कार केला.

धरणी दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय ते कळलं. बासुंदी मात्र दोनदा वाढून घेतली, कारण नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं.

१० डिसें.

सांगू नये. ऐंशीचा माणूस, किती दिवस राहिलेत. कशाला. आनंदात जाऊ देत.

११ डिसें.

हे मी त्यांच्यासाठी म्हणते की माझ्यासाठी?

१७ डिसें.

आज सांगितलं. अर्धं.

सकाळी दहाला गेले, तेव्हा त्यांचं डोकं लखलखीत असतं. म्हटलं, सर, पुस्तिकेसाठी खालच्या भिंतीचं गणित पुन्हा केलं. दोनचा फरक येतोय. वहीचं बोलले नाही. जीभच वळली नाही.

सरांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग: "रेघा जोडण्याच्या दोन रीती?"

"हो, सर."

"तेव्हा मला शंका आली होती. पण मग तुझं जुळलं."

मी खिडकीकडे बघत बसले.

"कुठलं उत्तर आलं ते सांगू नकोस," म्हणाले. "मी करतो. माझं झालं की उघडू."

"सर, तुम्हाला त्रास..."

"शैलाबाई." चिडले की बाई लावतात. "तुम्ही केलंत म्हणजे झालं का? दोघांनी करायचं असतं."

जशुबेनना वही आणायला पिटाळलं. त्या शाळेची दुरेघी घेऊन आल्या. चालेल म्हणाले.

२० डिसें.

रोज तीन ओळी लिहितात. कधी चार. हात इतका थरथरतो की एक आकडा काढायला मिनिट लागतं. मी गेले की वही झाकतात, वर्गातल्या मुलासारखी, कोपराने. मी समोर बसून पेपर वाचते. वाचते म्हणजे धरते.

२४ डिसें.

जशुबेन खूश. साहेब हवे बराबर जमे छे. वजन घेतलं, पाऊण किलो वाढलंय.

२८ डिसें.

के. रागावली. रविवार होता, घरी होती, मला जिन्यापर्यंत सोडायला आली आणि दार ओढून घेतलं. "शैलाताई, तुम्ही काय लावलंय हे? तुम्ही येऊन गेलात की त्यांचा श्वास तासभर वर असतो. लिहितात, खोडतात, परत लिहितात. कोणाला हवंय ते उत्तर? कोणी मागितलंय?"

म्हटलं, त्यांनीच.

"तुम्हाला माहितीये ना उत्तर? मग सांगून टाका आणि सोडा त्यांना."

बरोबर आहे तिचं. एका वाक्यात थांबवू शकते मी हे. सर, मी तुमची वही पाहिली होती, माझं दुप्पटच आलं होतं, तुमची शंका खरी होती. बास, वही बंद. त्यांचा एकेक श्वास मी वापरते आहे आणि नियमाचं नाव पुढे करते. पण सांगितलं की तो स्वच्छ दिवस जातो. मग त्यांच्याकडे काय राहणार?

के. ला म्हटलं, उद्या बोलते त्यांच्याशी. ती रडली. मीही रडले, जिन्यात, आणि वरून पटेल उतरत आले, "केम छो बेन." म्हटलं, मजामा.

२९ डिसें.

बोलायला गेले. तोंड उघडायच्या आत म्हणाले, "केतकी काय म्हणाली मला माहीत आहे. तिला सांग, गेल्या दोन वर्षांत मी कॅलेंडरकडे बघायचो. आता वहीकडे बघतो." खोकले. "आणि तू मदत करायची नाहीस. चेहऱ्यानेसुद्धा नाही. तुझा चेहरा फार बोलतो."

मी पेपर धरून समोर बसले.

७ जाने.

"कुठवर आलंय?" असं विचारायची सोय नाही. पण दुरेघीची पानं अर्धी भरलीत, इतकं बाहेरून दिसतं. आज स्वतःहून म्हणाले, "पाहुणा नसेल तर?"

"नसेल तर नसेल, सर."

"तुला वाईट वाटेल."

"तुम्हाला?"

"तो नव्हता याचं नाही वाटणार. इतकी वर्षं कळलं नाही याचं वाटेल."

आत्ता सांग, आत्ता सांग, असं आत चाललेलं. जशुबेन औषध घेऊन आल्या.

१४ जाने.

उत्तरायण. गच्च्यांवर भोंगे, पतंग कटला की काइपो छे, कानठळ्या. के. ने उंधियो दिला डब्यात, अजून नीट बोलत नाही. सर या गोंगाटातही लिहीत होते. पाच ओळी. मधेच मान वर करून एक कटलेला पतंग बघितला, परत खाली.

१८ जाने.

पहाटे के. चा फोन. फुप्फुसात पाणी. दवाखान्यात हलवलं. मी पोचले तोवर आत घेतलं होतं. बाहेर बाकावर जशुबेन, चपला उलटसुलट घातलेल्या.

के. म्हणाली, "तुमचा दोष नाही." मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

२० जाने.

तोंडावर मास्क. बोलता येत नाही. काचेतून पाहिलं. डोळे उघडे, मला ओळखलं. दोन्ही तळवे जोडून उघडले, पुस्तकासारखे. नर्सला वाटलं प्रार्थना करताहेत.

२१ जाने.

के. ने दुरेघी दिली. चारही बाजूंनी रबर लावलेलं, जशुबेनच्या वेणीचं काळं रबर. शनिवारी रात्री त्यांनी बांधायला लावलं, म्हणे. गणित पुरं झालं की दमून सोडलं, के. ला माहीत नाही. "शैलाकडे द्यायची, पण तिने एकटीने उघडायची नाही, दोघांनी एकदम. असं तीनदा म्हणाले. तुम्हाला कळेल म्हणाले."

कळतं.

मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही उघडून बघा ना, ताई. त्यांना कुठे कळणार आहे."

२२ जाने.

कॉलेजात रजा टाकली. दिवसभर घरी. दुरेघी टेबलावर. तेच, एकतीस वर्षांपूर्वीचंच: माणूस खोलीत नाही आणि वही समोर.

दुपारी माझी वही काढली. नवं गणित स्वच्छ उतरवलं, दुप्पट, खाडाखोड नाही. मग त्याच्या आधीचं एक पान कोरं सोडलं होतं त्यावर लिहिलं. अण्णा, किल्ली, टेबल, शेवटची ओळ, दोनने भागणं. त्यांची निळी वही पाहिली तेही. एका पानात बसलं. तोंडाने मला जमणार नाही आणि त्यांना आता बोलता येत नाही, तेव्हा वाचतील. माझी वही उघडली की आधी तेच पान येईल. स्वच्छ दिवस जाईल त्यांचा. पण तो त्यांचा नव्हताच, मी दिलेला खोटा होता. पाच वेळा वाटलं फाडून टाकावं.

२३ जाने.

संध्याकाळ. डॉक्टरांनी उद्या सकाळी दहाला दहा मिनिटं दिलीत. मास्क थोडा वेळ काढून बघू म्हणाले, रात्र नीट गेली तर. तर, असं म्हणून ते थांबले आणि के. कडे वळले.

दोन्ही वह्या पिशवीत भरल्या. के. ला विचारलं, सेव-उसळ आणू का. खाता येणार नाही, ठाऊक आहे. ती पहिल्यांदाच हसली, किती दिवसांनी. "आणा. वास तरी घेतील."

जशुबेनचा आत्ता फोन आला, काही बातमी नाही, उगीच केला. "बेन, काले महेमान आवशे ने?" म्हणजे पाहुणा उद्या येणार ना. म्हटलं, बघू.

पिशवी दाराशी ठेवलीय. मघाशी एकदा काढून पाहिली. रबर तसंच आहे.